गॅरेजच्या दाराचे इन्सुलेशन निवडताना

गॅरेजच्या दारासाठी कोणते इन्सुलेशन सर्वांत चांगले, असे विचारले की उत्तरादाखल बहुधा एखाद्या साहित्याचे नाव आणि त्यापुढे एक आकडा मिळतो. आकडा जितका मोठा तितका माल चांगला, हे गृहीत धरूनच मग खरेदी होते. मी गॅरेजचा उपयोग गाडी ठेवण्याइतकाच सुतारकामासाठीही करतो, त्यामुळे तापलेल्या किंवा गारठलेल्या दाराशेजारी बराच वेळ उभे राहणे मला चुकत नाही, आणि म्हणूनच या विषयाचा मी थोडा जास्त विचार केला आहे. माझे मत असे बनले आहे की दार ही हलणारी वस्तू असल्यामुळे भिंतीला लागू पडणारा हिशेब तिला जसाच्या तसा लागू पडत नाही. दार किती वजन पेलू शकते आणि त्याच्या कडांमधून किती हवा आतबाहेर करते, हे आधी पाहावे. त्यानंतर साहित्याची निवड फारशी अवघड राहत नाही. येथे दार म्हणजे आडव्या भागांत विभागलेले, रुळांवरून वर जाणारे पोलादी दार; इतर प्रकारांविषयी शेवटाकडे लिहिले आहे.

त्याही आधी गॅरेजचा उपयोग काय होतो, हे पाहायला हवे. घरापासून सुटे असलेले, भिंतींना आणि छताला कोणताही उष्णतारोधक थर नसलेले आणि केवळ गाडी उभी करण्यासाठी वापरले जाणारे गॅरेज असेल, तर दारावर खर्च करून हाती फारसे काही लागत नाही, कारण उष्णता उरलेल्या बाजूंनी ये-जा करतच राहते. याउलट गॅरेज घराला जोडलेले असेल, त्यावर झोपण्याची खोली असेल, आत धुलाई यंत्र किंवा पाण्याचे नळ असतील, किंवा कोणी तेथे तासन्‌तास काम करत असेल, तर दार हा त्या जागेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत पातळ पृष्ठभाग असल्यामुळे सुरुवात तेथूनच करणे योग्य ठरते.

आता उष्णतेचा हिशेब. पोलादी पत्रा उष्णतेला अडवत नाही म्हटले तरी चालेल. साध्या एकपदरी दाराला जो काही रोध असतो, तो पत्र्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थरांचा असतो. हा रोध आर मूल्य या आकड्याने मोजतात, आणि मेट्रिक पद्धतीत (चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट या एककात) तो साधारण ०.१७ धरतात. दोन गाड्यांचे दार सुमारे १० चौरस मीटरचे असते, आणि आतबाहेरच्या तापमानात २० अंश सेल्सियसचा फरक असेल तर अशा उघड्या पत्र्यातून सुमारे १२०० वॅट उष्णता वाहते. त्यावर २५ मिलिमीटर जाडीचा साधा थर्माकोल नीट बसवला की हाच आकडा २४० वॅटच्या आसपास येतो. जाडी दुप्पट करून ५० मिलिमीटर केली तर तो सुमारे १३० वॅट होतो. म्हणजे पहिल्या इंचाने (सुमारे २५ मिलिमीटरने) जवळजवळ ९६० वॅट वाचवले आणि दुसऱ्या इंचाने केवळ ११०. हा हिशेब सोपा असूनही जाहिरातींमध्ये तो कधी मांडलेला दिसत नाही.

याच हिशेबाचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दाराच्या प्रत्येक भागाला उभ्या पोलादी पट्ट्या, कडांच्या घड्या आणि बिजागऱ्या असतात, आणि तेथे फोमचे तुकडे बसत नाहीत. समजा, एकूण क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा असा उघडा राहिला, तर तेवढ्या भागातूनच सुमारे १२० वॅट निघून जातात. उरलेल्या नऊ हिश्श्यांवर ५० मिलिमीटरचा थर असला, तरी संपूर्ण दाराची गळती सुमारे २४० वॅटच राहते, म्हणजेच २५ मिलिमीटरच्या थराने पूर्ण झाकलेल्या दाराइतकीच. जाडी वाढवण्यासाठी जो पैसा आणि जे वजन खर्ची पडते, ते उघडा राहिलेला पत्रा निमूटपणे गिळून टाकतो. म्हणून पट्ट्यांवरूनही पातळ थर नेता येईल अशी रचना मिळत असेल, तर मी जाड ठोकळ्यांपेक्षा तिला पसंती देईन.

तयार दारांच्या पत्रकांवर छापलेल्या आर मूल्याकडेही याच नजरेने पाहावे. हे मूल्य पुष्कळदा दाराच्या भागाच्या मधोमध, जेथे फोम सर्वांत जाड असतो आणि धातूची पट्टी नसते, तेथल्या रचनेवरून काढलेले असते. चौकटीसह, सांध्यांसह आणि रबरी पट्ट्यांसह संपूर्ण दाराची कामगिरी त्याहून बरीच कमी भरते. विक्रेत्याला संपूर्ण बसवलेल्या दाराचे यू मूल्य, म्हणजे त्यातून किती उष्णता पार जाते हे सांगणारा आकडा, विचारावे. यू मूल्य जितके लहान तितके दार चांगले, आणि ते उपलब्ध असेल तर दोन दारांची तुलना त्यावरूनच करावी. एककांचा घोळही येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकी पद्धतीतील आर मूल्य मेट्रिक मूल्याच्या सुमारे ५.६८ पट असते, त्यामुळे एका पत्रकावरचे आर १६ आणि दुसऱ्यावरचे २.८ ही दोन्ही दारे कागदावर जवळजवळ सारखीच असतात.

यापुढचा मुद्दा हवेच्या गळतीचा. दाराच्या खालच्या कडेची रबरी पट्टी कडक होऊन तडकलेली असेल, बाजूंच्या पट्ट्या चौकटीपासून सुटलेल्या असतील आणि जमीन असमान असल्यामुळे एका कोपऱ्यात फट राहत असेल, तर फोम कितीही चांगला असला तरी वारा त्याला वळसा घालून आत येतो. पारख सोपी आहे: दिवसा दार बंद करून, आतले दिवे मालवून उभे राहावे आणि उजेडाच्या रेषा कोठे दिसतात ते पाहावे. खालची पट्टी बदलणे, दोन्ही बाजूंना आणि वर नवी पट्टी बसवणे, आणि जमीन उंचसखल असेल तर उंबऱ्याशी रबरी पट्टा चिकटवणे, हे काम इन्सुलेशनपेक्षा बरेच स्वस्त असते आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो. अनेक ठिकाणी एवढ्यानेच भागते, आणि भागत असेल तर तेथेच थांबण्यात काही गैर नाही.

मात्र गॅरेजमध्ये गॅसवर किंवा तेलावर चालणारा पाणी तापवण्याचा बंब अथवा भट्टी असेल, तर सगळ्या फटी बुजवण्यापूर्वी त्या उपकरणाला ज्वलनासाठी हवा कोठून मिळते, याची जाणकाराकडून खात्री करून घेतली पाहिजे. गाडीचे इंजिन बंद गॅरेजमध्ये चालू ठेवणे एरवीही जीवघेणे असते. फटी बुजल्यावर कार्बन मोनॉक्साइड अधिकच वेगाने साचतो. घराला जोडलेल्या गॅरेजच्या बाबतीत घरात त्या वायूची सूचना देणारे यंत्र असणे मी अनिवार्य मानतो.

साहित्यांमध्ये सर्वांत परिचित म्हणजे थर्माकोल, अर्थात फुगवलेले पॉलिस्टायरीन. एका इंचाला त्याचे अमेरिकी आर मूल्य साधारण ३.६ ते ४.२ असते. त्याच्या पेशींमध्ये साधी हवाच असल्यामुळे वर्षानुवर्षे त्याचा रोध फारसा बदलत नाही, ते सहज कापता येते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते अतिशय हलके असते: २५ मिलिमीटर जाडीच्या थराने १० चौरस मीटरचे दार झाकायला सुमारे चार ते पाच किलो पुरतात. दाबून घडवलेले पॉलिस्टायरीन अर्थात एक्सपीएस, म्हणजे निळ्या, गुलाबी किंवा हिरव्या रंगात मिळणारे घट्ट बोर्ड, इंचाला ५ च्या आसपास रोध देतात, पाणी कमी शोषतात आणि त्यांच्या कडा भुरभुरत नाहीत. पण तेवढ्याच दारावर त्यांचे वजन आठ-नऊ किलोपर्यंत जाते. पॉलिआयसो (पॉलिआयसोसायन्युरेट) या कडक फोमचे पन्नी लावलेले बोर्ड इंचाला ६ किंवा किंचित अधिक रोध देतात खरे, परंतु तापमान १० अंशांच्या खाली गेले की त्यांचा रोध घटू लागतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीत जेव्हा त्यांची खरी गरज असते तेव्हाच ते थोडे मागे पडतात.

पॉलियुरेथेन किंवा पीयू फोम इंचाला ६ ते ७ रोध देतो आणि दोन पत्र्यांमध्ये तो फुगून भरला गेला की पत्र्याला चिकटून संपूर्ण भाग ताठ करतो. कारखान्यात तयार झालेल्या तीनपदरी (पत्रा, फोम, पत्रा अशा) दारांत तो उत्तम आहे, यात शंका नाही. जुन्या दारावर घरी फवारण्याचे मात्र मी सुचवणार नाही. फवारताना निघणारी आयसोसायनेटयुक्त (फोमच्या कच्च्या रसायनाची) वाफ श्वसनासाठी घातक असते, थर सगळीकडे सारखा बसत नाही, सांध्यांत गेलेला फोम दार वळू देत नाही, आणि उद्या एखादा भाग बदलायचा झाला तर तो खरवडून काढणे जवळजवळ अशक्य असते.

ग्लासवूलचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या कापसाचे, संचही मिळतात. इंचाला ३.१ ते ३.७ रोध, ज्वलनाला काच स्वतः साथ देत नाही, आणि आवाज शोषण्यात ते फोमपेक्षा सरस, अशा त्याच्या जमेच्या बाजू आहेत. पण ते दाबले गेले की त्याची जाडी कमी होते आणि जाडीबरोबर रोधही. शिवाय दार दिवसातून कित्येकदा हिसके देत वरखाली होते, त्यामुळे नीट अडकवलेले नसेल तर ते काही काळाने खाली घसरून वरच्या बाजूला रिकामी जागा सोडते. समोरचे विनाइलचे आवरण फाटू न देणे आणि प्रत्येक तुकडा पिनांनी पक्का धरून ठेवणे, या दोन अटी पाळता येत असतील तरच ते घ्यावे.

राहिले चकचकीत बबल फॉइल, म्हणजे हवेच्या फुग्यांच्या प्लास्टिकवर पन्नी चढवलेला पातळ थर. याच्याविषयी सर्वाधिक अतिशयोक्ती केली जाते आणि तितक्याच तावातावाने त्याची टिंगलही होते. दोन्ही मला अर्धवट वाटतात. ॲल्युमिनियमची स्वच्छ पन्नी उष्णतेच्या प्रारणाचा सुमारे ९५ टक्के भाग परतवते आणि स्वतःही फारच कमी प्रारण सोडते, परंतु यासाठी तिच्या चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी जागा असावी लागते. ती थेट पत्र्याला चिकटवली तर त्या बाजूची उष्णता वहनाने सरळ तिच्यात शिरते आणि परावर्तनाचा प्रश्नच उरत नाही. पत्रा आणि पन्नी यांच्यात सुमारे २० मिलिमीटरची बंदिस्त पोकळी ठेवली, तर साध्या पोकळीच्या दुपटीहून अधिक रोध मिळतो, तरीही तो एक इंच थर्माकोलपेक्षा कमीच भरतो. ज्या दारावर दुपारचे ऊन सरळ पडते आणि आत उभ्या असलेल्या माणसाला पत्र्याची धग जाणवते, तेथे पन्नी खरोखर उपयोगी पडते, कारण ती धग बहुतांशी प्रारणाचीच असते. थंड प्रदेशात केवळ पन्नीवर विसंबणे व्यर्थ आहे. सुतारकामाचा भुसा आणि धूळ पन्नीवर बसली की तिचा गुण ओसरतो, हे मला स्वतःच्या जागेत रोजच दिसते.

वजनाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवला होता. गॅरेजचे दार हाताने किंवा मोटरने उचलले जाते असे वाटते, पण प्रत्यक्षात त्याचे जवळजवळ सगळे वजन स्प्रिंग पेलत असते. मोटर केवळ ढकलण्याचे काम करते. स्प्रिंग त्या विशिष्ट दाराच्या वजनासाठी निवडलेली असते. सामान्य स्प्रिंगची क्षमता सुमारे १०,००० वेळा उघडझाप करण्याची धरली जाते, म्हणजे रोज चार वेळा दार उघडणाऱ्या घरात सात वर्षांच्या आसपास. चार-पाच किलोंची भर पडली तर सुस्थितीतील स्प्रिंग बहुधा सांभाळून घेते किंवा तिला थोडा ताण द्यावा लागतो, परंतु खरी गडबड फोममुळे होतच नाही. फोम झाकण्यासाठी वरून तीन मिलिमीटरचे प्लायवुड लावले की १० चौरस मीटरवर अठरा किलोंच्या आसपास वजन वाढते, आणि एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) लावले तर त्याहून जास्त. दिसायला सुंदर आणि चढवायला सोपे असले तरी अशा आवरणाने मोटर कुरकुरू लागते, दार अर्ध्यातून खाली घसरते आणि दोऱ्या व बेअरिंग झिजतात.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी दाराचा तोल तपासावा. दार बंद असताना मोटरची जोडणी सोडवावी, दार हाताने अर्ध्या उंचीपर्यंत न्यावे आणि हात हलकेच सैल करावा, पण पूर्ण दूर नेऊ नये. तोल बरोबर असेल तर दार तेथेच थांबते. ते खाली येऊ लागले तर स्प्रिंग आधीच कमी पडते आहे आणि तिच्यावर आणखी भार टाकण्याआधी दुरुस्ती करवून घ्यावी. दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण साठलेला असतो; ती सैल करणे किंवा घट्ट करणे हे काम योग्य अवजारे आणि सराव असलेल्या कारागिराचेच आहे. इतर बाबतींत स्वतःच्या हाताने काम करण्याचा आग्रह धरणारा मी येथे तो आग्रह सोडतो.

आगीचा विचार अनेकदा राहून जातो. गॅरेजमध्ये पेट्रोल, रंग, थिनर, बॅटरीचे चार्जर आणि कधी वेल्डिंगचे यंत्र एकाच छताखाली असतात. पॉलिस्टायरीन उष्णतेने वितळून जळते थेंब टाकते, आणि पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असू शकतो. भिंतींमध्ये असा फोम प्लास्टरबोर्डच्या मागे लपवता येतो. दारावर तेवढे वजन चढवता येत नाही. त्यामुळे उघड्या अवस्थेत वापरण्यासाठी चाचणी झालेले, पन्नीचे किंवा विनाइलचे आवरण असलेले आणि अग्निवर्ग (आगीत ते कसे वागतात याची श्रेणी) स्पष्ट छापलेले बोर्डच घ्यावेत. उपकरणांच्या खोक्यांतून आलेला थर्माकोल कापून दारावर चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण पॅकिंगच्या मालात ज्वलन रोखणारे द्रव्य असेलच असे नाही.

ओलाव्याविषयी थोडक्यात सांगायचे तर पावसात भिजलेली गाडी आत आली की गॅरेजमधली हवा दमट होते आणि थंड पत्र्यावर पाणी जमते. फोम पत्र्यापासून थोडा सुटलेला असेल तर ते पाणी मागे अदृश्यपणे साचून खालच्या घडीत उतरते आणि तेथून गंज सुरू होतो. बोर्ड पत्र्याला टेकून बसवणे आणि त्याच्या कडा पट्टीने बंद करणे हा त्यावरचा उपाय. पोकळी सोडायचीच असेल, तर आतील हवा तिच्यात शिरणार नाही याची काळजी घ्यावी. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतील तर ती मात्र बुजवू नयेत.

हे सगळे भागांत विभागलेल्या, रुळांवरून वर जाणाऱ्या दाराला लागू आहे. गुंडाळले जाणारे शटर असेल तर त्यावर काहीही चिकटवता येत नाही. तेथे कडांच्या पट्ट्या सुधारणे, किंवा आतून जाड पडदा लावणे, किंवा आतमध्ये फोम भरलेल्या दुहेरी पट्ट्यांचे नवे शटर घेणे, एवढेच मार्ग आहेत. बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या लाकडी दाराला स्प्रिंगची अडचण नसते, त्यामुळे तेथे जाड थर बिनधास्त लावता येतो, फक्त बिजागऱ्या मजबूत हव्यात.

जुन्या दारावर संच लावावा की नवे दार घ्यावे, याचे उत्तर मी दाराच्या अवस्थेवरून देईन. भाग वाकलेले असतील, सांध्यांतून उजेड दिसत असेल आणि स्प्रिंगही बदलायला आली असेल, तर नवे तीनपदरी दार घेणे शहाणपणाचे, कारण त्याची स्प्रिंग त्याच्याच वजनाप्रमाणे येते, सांधे एकमेकांत अडकणारे असतात आणि दोन पत्र्यांमुळे खडखडाटही कमी होतो. फक्त दार दिवसभर उन्हात असेल तर गडद रंग टाळावा. फोममुळे बाहेरच्या पत्र्याची उष्णता आत जाऊ शकत नाही, तो आतल्या पत्र्यापेक्षा बराच जास्त तापतो आणि प्रसरणातल्या फरकामुळे दाराचे भाग बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकू शकतात. दार सुस्थितीत असेल तर नव्या पट्ट्या आणि २५ मिलिमीटरचे, आवरण असलेले हलके बोर्ड, ही माझी निवड आहे.

बोर्ड बसवताना प्रत्येक भागाची मापे स्वतंत्रपणे घ्यावीत, कारण वरचा आणि खालचा भाग अनेकदा वेगळ्या उंचीचा असतो. तुकडा सांध्यापासून थोडा आत ठेवावा, म्हणजे दार वळताना तो चेपला जाणार नाही, आणि त्याची जाडी कडेच्या पट्टीच्या खोलीपेक्षा अधिक नसावी. नाहीतर दार वर गेल्यावर तो मोटरच्या दांड्याला घासतो. गोंद घेताना डब्यावर पॉलिस्टायरीनसाठी योग्य असे लिहिलेले आहे का, हे वाचावे. ॲसिटोनसारखे द्रावक असलेला गोंद थर्माकोलला काही क्षणांत विरघळवून भोके पाडतो. मोटर, सेन्सर आणि बिजागऱ्यांवरचे इशाऱ्याचे कागद झाकू नयेत, आणि नव्या दारावर वॉरंटी चालू असेल तर वजन वाढवण्याबाबत तिच्या अटी काय आहेत ते आधी पाहावे.

काम संपल्यावर तोलाची चाचणी पुन्हा घ्यावी आणि मग मोटर जोडून उलट फिरण्याची चाचणी घ्यावी. सुमारे ३८ मिलिमीटर जाडीची लाकडी फळी दाराखाली मधोमध आडवी ठेवून दार बंद करण्याची कळ दाबावी. दार फळीला टेकताच थांबून परत वर गेले पाहिजे. ते गेले नाही, तर मोटरच्या पुस्तिकेनुसार तिच्या जोराची आणि थांब्याची मर्यादा नव्याने लावावी, आणि तेवढ्यानेही जमले नाही तर कारागीर येऊन पाहीपर्यंत दार मोटरने चालवू नये.